अंधारबन पहिल्यांदा करताय? मग ओढ्यांची गोष्ट आधी ऐका

दरवर्षी जून लागला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, अंधारबनला (ताम्हिणीजवळचा जंगलातला ट्रेक) जायचंय, सोपं आहे ना गं? आणि मी दरवेळी अडखळते, कारण उत्तर हो पण आहे आणि नाही पण. मोठा चढ नाही, वाट मळलेली आहे, कड्याला लटकायचं नाही की कुठे रॅपलिंग नाही, त्या हिशोबाने सोपंच. पण ही वाट कुंडलिका नदीच्या दरीच्या काठाकाठाने जाते, एका हाताला डोंगर आणि एका हाताला दरी, आणि डोंगरावरून येणारा एकेक ओढा ही वाट आडवी कापतो आणि खाली दरीत कोसळतो. म्हणजे तुम्ही जिथे पाण्यात पाय घालता तिथून थोडंच खाली धबधब्याचं तोंड असतं. सपाट जागेवरच्या ओढ्यात पाय घसरला तर माणूस भिजतो, इथे काय होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून हा लेख लिहितेय. नवीन लोकांनी जाऊच नये असं मला अजिबात म्हणायचं नाही, उलट सह्याद्रीत जंगल म्हणजे काय ते कळायला यासारखी वाट नाही. फक्त क्रमाने सांगते, आधी काय ठरवायचं, बॅगेत काय टाकायचं, चालायचं कसं, आणि ओढ्याशी आल्यावर काय करायचं. ओढ्याचा भाग सगळ्यात मोठा आहे, तो घाईत सोडू नका प्लीज.

आधी वाट डोक्यात बसवून घ्या

सुरुवात पिंप्री गावातून, मुळशी तालुका. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशीचा जलाशय उजवीकडे ठेवत ताम्हिणीच्या रस्त्याने निवे, आणि निव्यातून पिंप्रीचा फाटा. पुण्यापासून साधारण 70 किलोमीटर, पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची गर्दी धरून अडीच-तीन तास पकडा. मुंबईकर लोणावळ्याहून आंबवणे-भांबर्डे करून पण पिंप्रीला येऊ शकतात, तो रस्ता सुंदर आहे पण खड्डे विचारू नका.

पिंप्रीच्या छोट्या धरणापासून वाट निघते, थोडं उघड्यावर चालून जंगलात शिरते, मग बराच वेळ डोक्यावर नुसती झाडं. भर दुपारी पण आत अंधारल्यासारखं असतं, नाव त्यावरूनच. मग जंगल संपून सडा लागतो, मोकळं पठार, पुढे हिर्डी नावाची अगदी छोटी वाडी, आणि हिर्डीतून खाली भिऱ्याला उतार. पूर्ण अंतर साधारण 13-14 किलोमीटर, नवीन ग्रुपला 6 ते 7 तास. घाटमाथ्यावर सुरू आणि कोकणात शेवट. पुणे जिल्ह्यात गाडीतून उतरायचं आणि रायगड जिल्ह्यात परत गाडीत बसायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी एक दुसरा पर्याय नेहमी सांगते. पूर्ण भिऱ्यापर्यंत जायलाच पाहिजे असं काही नाही. पिंप्रीतून निघा, जंगल बघा, वेळ आणि पाणी बघून जिथे वाटेल तिथून वळा आणि पिंप्रीलाच परत या. गाडी जिथे सोडली तिथेच मिळते आणि परतायचा दरवाजा कायम उघडा राहतो. पूर्ण ट्रेकची एक अडचण कोणी सांगत नाही ती अशी की निम्म्याच्या पुढे गेल्यावर मागे पण ओढे आणि पुढे पण ओढे, मधे अडकलात तर दोन्हीकडून अडकलात.

दिवस कुठला निवडायचा

फोटो सगळे जुलैचे असतात म्हणून लोकं जुलैत जातात. माझं स्पष्ट मत, पहिली खेप जुलै-ऑगस्टमध्ये नको. सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर जा. ओढे वाहते असतात पण अंगावर येत नाहीत, जंगल तितकंच हिरवं असतं, धुकं कमी असल्याने दरी खरोखर दिसते (जुलैत बरेच जण दरीच्या काठाने 3 तास चालतात आणि त्यांना दरी दिसतच नाही) आणि सड्यावर फुलं असतात. ऑक्टोबरचं ऊन तेवढं उघड्यावर भाजतं.

पावसाचा अंदाज आपल्याला नसतोच त्या भागात. ताम्हिणीत जुलै 2024 मध्ये एका 24 तासांत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याच्या जवळ जाणारा आकडा एका दिवसात. आणि हे पाणी मुरत नाही, कारण खाली सगळा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर, वर मातीचा पातळ पापुद्रा. पावसाळ्याच्या मध्यावर ती माती आधीच तुडुंब भरलेली असते, मग पडलेला थेंब सरळ ओढ्यात. म्हणूनच इथले ओढे अर्ध्या तासात वेगळेच दिसायला लागतात.

तर हवामान बघताना पुण्याचं बघू नका. हवामान खातं पुण्याचे इशारे देताना घाट भागाचा वेगळा देतं, तो बघायचा. ऑरेंज अलर्ट असेल तर दिवस बदला, रेड असेल तर चर्चाच नको, रेड म्हणजे 24 तासांत 200 मिलिमीटरच्या वर जाऊ शकतो असं ते सांगतायत. आदल्या दिवशी किती पडला ते पण बघा, आज उघडीप असली तरी काल रात्रभर कोसळला असेल तर सकाळी ओढे भरलेलेच असणार.

आणि परवानगी. अंधारबन ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीत येतं, 2013 मध्ये जाहीर झालेलं अभयारण्य आहे हे, त्यामुळे वनखात्याची नोंद आणि प्रवेश शुल्क असतं. जोराच्या पावसात ही वाट बंद करतात, कधी वनखातं, कधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. निघायच्या आदल्या दिवशी चालू आहे की बंद ते नक्की करा. बंद असताना मागच्या बाजूने शिरवतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या मागे जाऊ नका. गेट बंद असतं त्याचं कारण आत वाहत असतं.

बॅगेत काय

बूट सगळ्यात आधी. ओल्या कातळावर पकड हवी, बस. ट्रेकर लोकांत ॲक्शनचे ट्रेकिंग शूज वर्षानुवर्षं चालतात ते उगाच नाही, स्वस्त आहेत आणि ओल्यात धरून ठेवतात. डेकॅथलॉनचे घेतलेत तरी तळ बघून घ्या, खोल नक्षी आणि मऊ रबर. महागडे वॉटरप्रूफ बूट इथे कामाचे नाहीत कारण पाणी वरून आत जातं आणि मग ते बाहेरच येत नाही. सँडल, रनिंग शूज, झिजलेला तळ, नको. आणि नवाकोरा बूट पहिल्यांदा इथे घालू नका, आधी आठवडाभर घरी-ऑफिसला वापरा.

जीन्स नको, भिजली की जड होते आणि मांड्या सोलतात. पटकन वाळणारी ट्रॅकपँट, फुल बाह्यांचा टीशर्ट. पाँचो कारवीच्या झुडपांत अडकून फाटतो, त्यापेक्षा साधं रेन जॅकेट बरं. छत्री गाडीत ठेवा, तुम्हाला दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

बॅगेला रेन कव्हर लावून भागत नाही. आतून एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला आणि सगळं सामान त्या पिशवीत. फोन वेगळ्या पाऊचमध्ये. कोरडे कपडे आणि मोजे गाडीत पाठवून द्या, जी गाडी शेवटी न्यायला येणारे तिच्यात.

पाणी माणशी 2 ते 3 लिटर. पावसात तहान कळत नाही म्हणून लोकं पीत नाहीत आणि उतारावर पायात गोळे येतात, दर अर्ध्या तासाला दोन घोट प्यायचेच. इलेक्ट्रालची दोन पाकिटं. खायला चपाती-चटणीचा रोल, गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, जे उभ्या उभ्या पावसात एका हाताने खाता येईल ते. जंगलात चूल मांडून मॅगी वगैरे अजिबात नाही, अभयारण्य आहे.

टॉर्च दिवसाच्या ट्रेकला पण पाहिजेच, ढग असले की साडेपाचला आत काही दिसत नाही. क्रेप बँडेज, तुमची रोजची औषधं, आणि एक शिट्टी. दहा-वीस रुपयांची शिट्टी, पण पाण्याच्या आवाजात माणसाचा आवाज 20 फुटांवर पोचत नाही, शिट्टी पोचते. मिनिटात 6 वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, परत 6, ही जगभर मदतीची खूण आहे.

काठी पिंप्रीतच बघा, खांद्याएवढी आणि वजन टाकल्यावर न वाकणारी. जंगलातलं जिवंत झाड तोडून काठी करू नका.

आणि एक काम घरी करायचं. एका माणसाच्या हातात कागद द्यायचा (व्हॉट्सॲप पण चालेल) की आम्ही इतके जण, ही नावं, ह्या गाडीने, पिंप्री ते भिरा, संध्याकाळी 7 पर्यंत फोन नाही आला तर 112 ला फोन कर. जंगलात बहुतेक ठिकाणी रेंज नसते त्यामुळे तुमचा फोन तिथे फक्त कॅमेरा आहे. ह्या भागात लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र सारखी रेस्क्यू करणारी मंडळी आहेत, ती आपली कामं सोडून रात्री-अपरात्री दरीत उतरतात, पण त्यांना कोणीतरी कळवलं तर पाहिजे.

चालायला सुरुवात

पिंप्रीतून सकाळी 8 च्या आत पाय उचला. 8 म्हणजे 8. पुण्यातून 5 ला निघावं लागतं, निघा. ह्या एका गोष्टीवर बाकी सगळं अवलंबून आहे कारण वेळ हातात असेल तरच ओढ्यापाशी थांबता येतं, उशीर झालेला ग्रुप थांबत नाही, तो घाईघाईत पाण्यात उतरतो.

निघताना दोन माणसं ठरवा, एक सगळ्यात पुढे आणि एक सगळ्यात मागे, शेपटाला. दोघं अनुभवी किंवा निदान शांत डोक्याची. पुढच्याच्या पुढे कोणी जायचं नाही, मागच्याच्या मागे कोणी राहायचं नाही. प्रत्येक ओढा ओलांडला की मोजायचं. पहिल्यांदा जाताय तर पिंप्रीतला स्थानिक वाटाड्या घ्या, काल कुठला ओढा किती होता हे त्याला माहीत असतं, ते कुठल्याच ॲपमध्ये नाही. मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा पण दाट झाडी आणि दरीच्या कडेला जीपीएस थोडं इकडेतिकडे उडतं, तेवढ्या फरकात इथे कडा असू शकतो, म्हणून डोळे वाटेवर.

जंगलात शिरल्यावर वाट तशी ठळक आहे पण ढोरवाटा फुटतात. ओळखायचं कसं, तर माणसांच्या वाटेवर दगड गुळगुळीत झालेले असतात, मुळं सोललेली असतात, मधेमधे बाणाच्या खुणा दिसतात, दगडावर दगड रचलेले दिसतात. ढोरवाटेवर फांद्या कमरेच्या उंचीला आडव्या येतात कारण गुरं त्यांच्या खालून जातात. 10 मिनिटं झाली आणि एकही खूण नाही, पायाखाली पालापाचोळा न तुडवलेला, तर थांबा आणि शेवटच्या नक्की खुणेपर्यंत मागे या. मागे यायला 10 मिनिटंच लागतात. पुढे जाऊन वाट शोधू म्हणालात की मग तास जातात.

ओल्यावर चालायची एक सवय लावून घ्या. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, पूर्ण तळवा टेकवायचा, टाच आधी टेकवली की घसरलंच. तुकतुकीत काळा-हिरवा कातळ दिसला की तिथे शेवाळ आहे, त्यापेक्षा खडबडीत करडा दगड किंवा कडेचा मुरूम निवडा. झाडांची आडवी मुळं कातळापेक्षा निसरडी असतात, त्यांच्यावर पाय न देता ओलांडून जा. आधाराला झाड धरताना आधी बघा मग हात लावा, चापडा हा विषारी साप बऱ्याचदा अशाच फांदीवर वेटोळं करून बसलेला असतो, हिरव्यात हिरवा, आणि तो हलत नाही. साप चावला तर ब्लेडने चिरा देणं, घट्ट दोरी बांधणं, चोखणं काही म्हणजे काही करायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, तो भाग हलू द्यायचा नाही आणि लवकरात लवकर हॉस्पिटल, त्यासाठी 108.

आणि जरा वर बघत पण चला ना. जांभूळ, हिरडा, अंजनी, आणि झाडांना विळखा घालून गेलेली गारंबीची वेल, तिच्या शेंगा हातभर लांब असतात, पहिल्यांदा बघणारा खोटी समजतो. शेकरू दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतो, वरून खडखड असा कर्कश आवाज आला की सगळ्यांनी थांबायचं आणि मान वर. पण ह्यासाठी तुम्ही शांत पाहिजे. ब्लूटूथ स्पीकर घेऊन येणारे ग्रुप बघितले की मला खरंच वाईट वाटतं, 70 किलोमीटर येऊन तुम्ही जे ऐकायला यायला पाहिजे होतं तेच बंद करून टाकलंत.

ओढा

आता मुख्य.

मी पहिल्यांदा गेले ते जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, एका ग्रुपबरोबर, 40 जण होतो. निघायला साडेदहा झाले. जंगलातले पहिले ओढे घोट्याएवढे, सगळे खूश, फोटो वगैरे. मग पाऊस वाढला आणि पुढच्या मोठ्या ओढ्यापाशी आलो तेव्हा पाणी गढूळ, मांडीपर्यंत. आमच्या लीडरने दोरी काढली आणि म्हणाला चला पटापट, अजून वाढायच्या आत. दहा-बारा जण गेले पण. माझ्या पुढची मुलगी मधोमध पोचली आणि तिचा पाय उचलला गेला, दोरीला लोंबकळत राहिली, दोघांनी खेचून घेतलं तिला. बूट वाहून गेला, तो खाली जाताना आम्ही सगळ्यांनी बघितला, पाच-सहा सेकंदात कड्यावरून दिसेनासा झाला.

त्याच वेळी मागून हिर्डीकडचे एक मामा आले, डोक्यावर इरलं, पिंप्रीहून घरी निघालेले. त्यांनी आम्हाला काही ओरडून सांगितलं नाही. पाण्याच्या कडेला गेले, एक वाळकी काटकी घेतली आणि बरोबर पाण्याच्या काठावर चिखलात रोवली. म्हणाले, "पोरी, बस खाली. ही काटकी बघत ऱ्हा. पाणी हिच्या वर चढलं तर मागं फिरायचं, खाली गेलं तर थांबायचं. मी बी थांबतोय न्हवं."

ते स्वतः थांबले ह्यानेच आम्ही उरलेले थांबलो. ज्यांचं घर पलीकडे आहे, जे लहानपणापासून त्या वाटेने ये-जा करतायत ते पाण्यात पाय घालत नाहीत म्हटल्यावर आम्ही कोण. आधी काटकी अर्धी बुडाली, मग पाऊस कमी झाला, साधारण सव्वा तासाने काटकी मोकळी झाली, अजून अर्ध्या तासाने पाणी गुडघ्याखाली आणि मामा पुढे, आम्ही मागे. तेव्हापासून मी कुठल्याही ओढ्यापाशी आले की पहिली काटकी रोवते. पाणी घोट्याएवढं असलं तरी.

ह्यात जे शास्त्र आहे ते साधं आहे. ह्या ओढ्यांचा पसारा छोटा, वरून जेवढं क्षेत्र पाणी गोळा करतं ते थोडंच, म्हणून ते चढतात पण पटकन आणि पाऊस थांबला की उतरतात पण पटकन. मोठ्या नदीसारखं दिवसभर वाट बघायची नसते. तास-दोन तास खर्च करायची तयारी असेल तर बहुतेक वेळा ओढा स्वतःच वाट मोकळी करतो. आणि नसेल उतरत तर पिंप्रीला परत.

ओढ्यापाशी आलात की असं करा.

आधी सगळे थांबा, काठापासून दोन पावलं मागे. काटकी रोवा. मग पाण्याकडे बघा. स्वच्छ पाणी असेल, तळ दिसत असेल तर ठीक. रंग चहासारखा होत चाललाय, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्यात, आवाज एकदम जड झालाय किंवा आतून दगड गडगडल्यासारखं ऐकू येतंय, मातीचा वास सुटलाय, ह्यातलं एक जरी दिसलं तरी पाणी वरून वाढत येतंय. तुमच्या डोक्यावर ऊन पडलेलं असेल तरीही, कारण पाऊस वर डोंगरात पडतोय. जे पाण्यात उभे आहेत त्यांनी ताबडतोब जवळच्या काठाला यायचं, वस्तू राहिली तर राहू दे. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले 5 जण वाहून गेले, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. एकमेकांना घट्ट धरून उभे होते सगळे, पण चहूबाजूंनी पाणी वाढल्यावर काठच राहिला नव्हता.

मग खोली. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर नवीन माणसाने ओलांडायचं नाही. पोहता येतं का हा प्रश्नच इथे नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, म्हणून मघाशी ज्या पाण्यात आरामात उभे होतात त्याच खोलीच्या पाण्यात आता पाय उचलला जातो. काठी टाकून बघा, पाण्यात धरलेली काठी थरथरत असेल आणि हाताला ओढ जाणवत असेल तर तुमच्या पायाला त्याहून जास्त जाणवणार.

मग जागा. लोकं सगळ्यात अरुंद जागा शोधतात, उडी मारता येईल म्हणून. ते चूक. अरुंद जागेत पाणी खोल आणि वेगवान असतं. पसरट जागा शोधा, जिथे पाणी पातळ होऊन पसरलंय, तळ खडीचा आहे. आणि खाली काय आहे ते बघा. हा प्रश्न प्रत्येकाने मोठ्याने विचारायचा, इथून पाय सुटला तर मी कुठे जाणार? उत्तर धबधबा असेल तर ती जागा नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरी. धबधब्याच्या तोंडावरचा कातळ सगळ्यात गुळगुळीत असतो, आणि बहुतेक फोटो नेमके तिथेच काढतात. पलीकडे वाट कुठून वर चढते ते पण आधी शोधून ठेवा, ती बरोबर समोर नसते बऱ्याचदा.

ओलांडताना बूट घालूनच. अनवाणी पकड बरी मिळते असं वाटतं पण बोटं ठेचली की तोल गेला. बॅगेचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, पडलात तर बॅग एका झटक्यात टाकता आली पाहिजे. तोंड पाणी येतंय त्या बाजूला, काठी पुढे टेकवलेली, आडवे आडवे खेकड्यासारखे सरकत जा. दोन पाय आणि काठी, तिन्हीतलं एका वेळी एकच हलवायचं. पाय उचलायचा नाही, तळाला घासत न्यायचा. पाण्याकडे टक लावून बघू नका, गरगरतं, पलीकडचा काठ बघा. तिघंतिघं मिळून गेलात तर उत्तम, एकमेकांच्या खांद्याला धरून, सगळ्यात दणकट माणूस पाण्याच्या वरच्या अंगाला.

दोरी कमरेला बांधायची नाही, कधीच नाही. पाय सुटला आणि दोरी ताणली गेली की पाणी माणसाला खाली दाबतं आणि गाठ सुटत नाही. दोरी लावायचं ज्याला शिकवलंय त्यानेच लावायची, आणि मला आता असं वाटतं की जिथे दोरी लागतेय तिथे नवीन लोकांनी असायचंच नाही.

ग्रुपमध्ये कोणाला भीती वाटत असेल तर त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. निघतानाच ठरवून टाका की एक जरी नाही म्हणाला तरी सगळे थांबणार. लीडर पैसे घेऊन आलाय म्हणून त्याला घाई असते, पुढची बॅच असते, बसवाला कटकट करत असतो. तुम्हाला नाही जायचं तर नाही जायचं.

हिर्डी आणि उतार

सड्यावर आलात की वारा फार असतो, जोरात धुकं असेल तर दरीच्या कडेपासून लांब राहून खुणा बघत चला. विजा चमकत असतील तर मोकळ्या पठारावर रेंगाळू नका. हिर्डीत शंकराचं देऊळ आहे, तिथे टेकायला छान. गावात कधी लिंबूपाणी, भजी, पिठलं-भाकरी मिळते पण मिळेलच ह्या भरवशावर डबा न आणता जाऊ नका. घेतलंत तर पैसे नीट द्या, घासाघीस नको, ते सामान कोणीतरी डोक्यावरून आणलेलं असतं.

हिर्डीत घड्याळ बघा. दुपारी 2 च्या पुढे पोचलात तर जेवण आटोपतं घ्या. खालचा उतार दगडी आहे, सलग, आणि थकलेल्या पायांनी उतरायचा असल्याने बरेचसे पाय इथे मुरगळतात. बुटाची लेस परत आवळा, पुढची बोटं बुटाला आपटली नाही पाहिजेत. काठी आता पुढे टेकवत उतरा. खाली भिऱ्याचा जलाशय दिसायला लागला की सगळे वेग वाढवतात, वाढवू नका, अजून तासभर तरी आहे.

भिऱ्याचं पाणी बघताना एवढं लक्षात घ्या की तुम्ही सकाळी गाडीतून जो मुळशीचा जलाशय बघितला त्याचंच पाणी सह्याद्रीच्या पोटातून इथे आणून टाटांनी 1927 पासून वीज बनवलीय. त्याच धरणासाठी ज्यांची गावं बुडाली त्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या बरोबर मुळशी सत्याग्रह केला होता. वीज करून सुटलेलं पाणी कुंडलिकेत येतं, कोलाडचं राफ्टिंग चालतं ते ह्याच पाण्यावर, आणि नदी पुढे रेवदंड्याशी समुद्राला मिळते. दिवसभर ज्या ओढ्यांपाशी थांबलात ते पण तिलाच जाऊन मिळालेत.

भिऱ्याच्या बाजूला देवकुंड धबधब्याची पाटी दिसेल, वेळ आहे म्हणून त्याच दिवशी तिकडे वळू नका, दमलेल्या पायांनी परत ओढे नको. गाडीवाल्याला सकाळीच सांगून ठेवा की पिंप्रीत आम्हाला सोडून तू निव्यावरून ताम्हिणी घाट उतरून विळे, पाटणूस करत भिऱ्याला ये, घाटात धुकं असतं, दीड तास तरी धर आणि 3 पर्यंत पोचून थांब. भिऱ्याला रेंज मिळेल न मिळेल म्हणून थांबायची जागा आधीच पक्की करा.

गाडीपाशी आलात की शेवटचं एकदा मोजा. मोजे काढा, पायाच्या बोटांमधे, गुडघ्याच्या मागे, कमरेला गोचीड आहे का बघा, असेल तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा. कोरडे कपडे घाला. कचऱ्याची पिशवी गाडीत घ्या, भिऱ्याच्या टपरीमागे टाकू नका. आणि रेंज आली की कुठलाही फोटो टाकायच्या आधी घरी कागद दिलाय त्या माणसाला फोन करा, उतरलो, सगळे आहोत, तो किंवा ती दुपारपासून घड्याळ बघतेय.